स्टॉल रिकव्हरी एकदा शिकली तरी पायलटला तीच प्रॅक्टिस पुन्हा पुन्हा का करावी लागते?

वैशाली_नाशिक:

नमस्कार मंडळी, इथे पायलट आणि विमानाच्या मेंटेनन्समधले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. माझी मुलगी सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतेय, सोलो म्हणजे एकटीने उडवणं कधीच झालं, आता क्रॉस कंट्री म्हणजे लांबच्या फ्लाइट चालू आहेत. परवा फोनवर सहज म्हणाली की आज परत स्टॉल्स केले. मी म्हटलं परत कशाला, ते तर सोलोच्या आधीच झालं होतं ना तुझं, तर म्हणे आई हे कधीच संपत नाही, चेकला विचारतात, टेस्टला विचारतात आणि उद्या एअरलाइनला लागले तरी सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) करावंच लागणार.

मला इतके दिवस वाटायचं स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. तिने सांगितलं की इंजिन व्यवस्थित चालू असतं, पंखच विमानाला उचलून धरायचं थांबवतात. हे ऐकून मला जास्तच धास्ती वाटली. माझं म्हणणं एवढंच की चांगलं उडणारं विमान मुद्दाम त्या अवस्थेत न्यायचंच कशाला? आणि एकदा बाहेर काढता आलं की ते सायकलसारखं अंगात बसत नाही का, का दर काही महिन्यांनी परत तेच? शिवाय हे झालं छोट्या विमानांचं, एअरबस बोइंगमध्ये एवढे कॉम्प्युटर असताना खरंच कधी असं होतं का? तिला विचारलं की ती दोन वाक्यांत संपवते. जरा सविस्तर सांगाल का, टेक्निकल असलं तरी चालेल, मी नीट वाचेन.

जुना_इन्स्ट्रक्टर:

वैशालीताई, प्रश्न अगदी रास्त आहे आणि पालकांनी असं विचारलेलं मला आवडतं, कारण बहुतेक जण फक्त तास किती झाले आणि पैसे किती लागले एवढंच विचारतात.

आधी स्टॉल म्हणजे काय ते थोडक्यात. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यात जो कोन असतो त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. हा कोन वाढवत नेला की लिफ्ट (पंखाची उचलून धरायची ताकद) वाढत जाते पण एका मर्यादेपर्यंतच, ट्रेनर विमानात साधारण १५-१६ अंश धरा. त्याच्या पुढे गेलात की पंखाच्या वरच्या बाजूने चिकटून वाहणारी हवा सुटते आणि लिफ्ट एकदम घटते. आता यात लोक जी गल्लत करतात ती स्पीडची. स्टॉल कोनामुळे होतो, तो कोन ओलांडला की कुठल्याही स्पीडला आणि नाक वर असो की खाली, स्टॉल होणारच. सरळ उडताना जे विमान ५० नॉट्सला स्टॉल होतं तेच ६० अंश बँक करून (एका बाजूला कलून) उंची राखत वळत असेल तर ७० नॉट्सलाच स्टॉल होतं, कारण त्या वळणात पंखांवर दुप्पट भार येतो. मुलं पुस्तकात पाठ करतात की अमुक स्पीडला स्टॉल, आणि मग वळणात ५५ नॉट्स बघून निर्धास्त राहतात, तिथेच घात होतो.

आता लेक वरती जाऊन नक्की काय करते ते सांगतो. पुरेशी उंची घ्यायची, खाली गाव किंवा शहर नको, सीट बेल्ट घट्ट, केबिनमध्ये सुटं काही नको, मग दोन्ही बाजूंना वळून आजूबाजूला दुसरं विमान नाही ना ते बघायचं. मग पॉवर काढायची आणि उंची राखण्यासाठी कंट्रोल हळूहळू मागे ओढत राहायचं. स्पीड कमी होत जातो, वाऱ्याचा आवाज कमी होतो, कंट्रोल सैल लागायला लागतात, हातात काहीच येत नाही असं वाटतं. सेसना असेल तर डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, कोन वाढला की तिथे हवा ओढली जाते आणि केबिनमध्ये हॉर्न रडल्यासारखा वाजायला लागतो, आधी बारीक मग मोठा. (उडण्याआधी त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढून हा हॉर्न तपासता येतो.) त्यानंतर विमान थरथरतं, आणि मग नाक आपोआप खाली पडतं, कधीकधी एक पंख पण पडतो.

आणि इथेच खरी गोष्ट आहे. समोर आकाश होतं तिथे अचानक शेतं दिसायला लागतात आणि माणसाचा हात स्वतःहून कंट्रोल मागे ओढतो. मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्या प्रत्येकाने पहिल्यांदा हेच केलंय, हुशार असो की साधारण, घाबरट असो की धीट. आणि ओढणं हेच तर स्टॉलचं कारण आहे, ओढत राहिलात तर विमान स्टॉलमधून बाहेर येणारच नाही. करायचं असतं उलट, जमीन समोर दिसत असताना कंट्रोल पुढे सोडायचं, कोन कमी करायचा, मग पंख सरळ, पॉवर, आणि हळुवार बाहेर. पंख पडला तरी तीच गत, हात आपोआप एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) उचलायला जातो पण त्याने पडलेल्या पंखाचा कोन अजून वाढतो आणि विमान गिरक्या घ्यायला लागू शकतं, तिथे पाय वापरायचा, म्हणजे रडर (शेपटीची उभी हलती फळी). हे सगळं तोंडी परीक्षेत घडाघडा सांगणारी मुलं हातात विमान आल्यावर दोन सेकंद गोठतात. ज्ञान असतं, हात तयार नसतात.

तर मुद्दाम का न्यायचं याचं उत्तर हेच, की तो हात बदलावा लागतो आणि तो बोलून बदलत नाही.

एफओ_पुणे:

सरांनी छोट्या विमानाचं मस्त सांगितलंय, मी एअरलाइनची बाजू सांगतो. काकू, तुमचा सायकलचा मुद्दा मी पण पूर्वी मानायचो. पण फरक असा आहे की सायकल रोज चालवली की तोल सांभाळायची सवय रोज पक्की होते, फ्लाइंगमध्ये उलटं होतं. रोजच्या फ्लाइटमध्ये आम्ही काय करतो, नाक जरा खाली गेलं की हलकं मागे घेतो, उंची पाच-पन्नास फूट जरी घसरली तरी लगेच सावरतो, आणि हे पण बहुतेक वेळा ऑटोपायलटच करतो. म्हणजे हजारो तास अंगात बसते ती सवय "नाक खाली = मागे ओढ" अशीच बसते आणि स्टॉलला नेमकी तीच जीव घेते. एकदा शिकलेली रिकव्हरी ही रोजच्या कामाने पुसली जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी सिममध्ये गेलं की ती परत वर आणावी लागते.

एअर फ्रान्स ४४७ बद्दल ऐकलं असेलच. १ जून २००९, रिओहून पॅरिस, एअरबस ए३३०, अटलांटिकवर ३५ हजार फुटांवर. ढगातल्या बर्फाच्या कणांनी पिटो ट्यूब तुंबल्या, म्हणजे स्पीड मोजणाऱ्या नळ्या, स्पीड चुकीचा दिसायला लागला म्हणून ऑटोपायलट सुटला. विमानात बाकी काहीही बिघाड नव्हता, इंजिनं चालू, पंख जागेवर. काही न करता आहे तसं धरून ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण उजव्या सीटवरच्या को-पायलटने साइडस्टिक (एअरबसमधला हातातला कंट्रोल) मागे ओढली, विमान जवळपास ३८ हजारांपर्यंत चढलं, स्पीड गेला आणि स्टॉल झालं. स्टॉल वॉर्निंग सलग ५४ सेकंद वाजत होती. तरी नाक वरच. कॅप्टन विश्रांतीला गेला होता तो दीड-एक मिनिटात परत आला, तोवर विमान मिनिटाला १० हजार फुटांच्या वेगाने खाली येत होतं, नाक वर आणि पोटावर पडतंय असं. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आपटेपर्यंत साडेचार मिनिटं सुद्धा झाली नाहीत. २२८ माणसं गेली.

त्यात एक तपशील आहे जो मला अजून अस्वस्थ करतो. त्या विमानात मोजलेला स्पीड ६० नॉट्सच्या खाली गेला की कोनाचं रीडिंग अवैध धरलं जायचं आणि स्टॉल वॉर्निंग बंद व्हायची. म्हणजे नाक फार वर असताना वॉर्निंग गप्प, आणि पायलटने नाक जरा खाली केलं, योग्य तेच केलं, की स्पीड वाढून वॉर्निंग परत सुरू. विचार करा त्या काळोखात, गोंधळात, योग्य हालचाल केली की विमान ओरडतंय आणि चुकीची केली की शांत होतंय. अशा वेळी डोकं लावून उत्तर काढायला वेळ नसतो, शरीराला ती थरथर आणि तो पडण्याचा दर ओळखीचा असला तरच माणूस म्हणतो, हा स्टॉल आहे, नाक खाली आणि खालीच ठेव. फ्रेंच तपासाच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट आहे की दोन्ही को-पायलटना एवढ्या उंचीवर हाताने विमान उडवायचं ट्रेनिंगच मिळालेलं नव्हतं. खालच्या उंचीवरचे स्टॉलचे प्रकार त्यांनी सिममध्ये केले होते. वरती हवा विरळ, इंजिनाकडे जास्तीची ताकद शिल्लक नसते, तिथे फक्त पॉवर देऊन सुटका नाही, हजारो फूट उंची सोडून द्यावी लागते, आणि ती सोडायला मन तयार होत नाही कारण आयुष्यभर उंची राखायलाच शिकवलेलं असतं.

त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअर ३४०७, क्यू४०० टर्बोप्रॉप. लँडिंगच्या तयारीत गिअर-फ्लॅप (चाकं आणि पंखाच्या जादा पट्ट्या) बाहेर आले, स्पीड कमी होत गेला आणि दोघांच्या लक्षात आलं नाही. स्टिक शेकर लागला, म्हणजे कंट्रोल कॉलम हातात जोरजोरात थरथरायला लागतो, स्टॉल जवळ आलाय हे सांगायला. त्या क्षणी नुसतं पुढे सोडलं असतं तरी भागलं असतं, विमान अजून स्टॉल झालं नव्हतं. कॅप्टनने मागे ओढलं. मग स्टिक पुशरने कॉलम पुढे ढकलला, तर तो त्याच्याशी झगडत मागेच ओढत राहिला. विमानातले ४९ आणि ज्या घरावर पडलं तिथला एक, असे ५० गेले. पुशर लागल्यावर कसं वाटतं हे त्याला सिममध्ये दाखवलेलं नव्हतं.

अभिजित_एएमई:

एफओ साहेबांना +१. वैशालीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कॉम्प्युटर असताना हे होतंच कसं. मी एअरबसवर काम करतो म्हणून सांगतो, नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरचं संरक्षण पूर्ण चालू असताना, तुम्ही साइडस्टिक पूर्ण मागे ओढून धरली तरी कॉम्प्युटर कोन एका मर्यादेच्या पुढे जाऊच देत नाही. खरंच फार सुंदर सिस्टीम आहे आणि तिने किती वेळा वाचवलं असेल कोण जाणे. पण ती सेन्सरच्या जिवावर चालते. सेन्सर चुकले की कॉम्प्युटर म्हणतो मला खात्री नाही, घ्या तुमच्या हातात, आणि संरक्षण कमी होतं. म्हणजे मशीन हात काढून घेतं ते नेमकं सगळ्यात वाईट वेळी, आणि ज्याने कित्येक महिन्यांत त्या प्रकारे विमान हाताळलेलं नाही त्याच्या हातात देतं.

डिसेंबर २०१४ ला एअरएशियाचं सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं ए३२० असंच गेलं, १६२ जण. सुरुवात रडरच्या एका सिस्टीममधल्या तडकलेल्या सोल्डरिंगने, मग क्रूने सर्किट ब्रेकर ओढला, ऑटोपायलट गेला, विमान कलंडलं, सावरताना नाक वर गेलं ते गेलंच आणि स्टॉल. तपासाच्या रिपोर्टमध्ये आहे की त्या वेळच्या ए३२० च्या ट्रेनिंग मॅन्युअलमध्येच म्हटलं होतं की फ्लाय-बाय-वायर (कॉम्प्युटरमार्फत चालणारे कंट्रोल) संरक्षण असल्यामुळे अशा विमानांवर अपसेट रिकव्हरी (भलत्या अवस्थेत गेलेलं विमान सावरणं) शिकवायची गरज नाही. हे वाचून मला तर राग आला होता. आम्ही हँगरमध्ये रोज बघतो की सेन्सर खराब होतात, वायर तुटतात, कनेक्टरमध्ये पाणी जातं. बिघाड होणारच नाही असं धरून माणसाचं ट्रेनिंग कमी करणं हे कुठल्या हिशोबाने?

आणि मशीनला नाक खाली करायचा जास्त अधिकार दिला तर काय होतं तेही जगाने बघितलं, ७३७ मॅक्स. एका बाजूच्या सेन्सरने चुकीचा कोन सांगितला आणि एमकॅसने (नाक आपोआप खाली करणारी यंत्रणा) स्टॉल नसताना नाक पुन्हा पुन्हा खाली ढकललं, २०१८ ला इंडोनेशियात १८९ आणि २०१९ ला इथिओपियात १५७. म्हणून पायलटला खरा स्टॉल कसा असतो हे आतून माहीत पाहिजे, तरच खोट्या वॉर्निंगला पण ओळखता येईल.

श्रीकांत_अमरावती:

सगळं वाचतोय, चांगली माहिती. पण एक शंका, ही प्रॅक्टिसच धोक्याची नाही का? मी मागे वाचलं होतं की फ्रान्समध्ये एक एअरबस असं काहीतरी टेस्ट करतानाच पडलं होतं. मग खऱ्या विमानात हे करायला लावणं बरोबर आहे का?

अभिजित_एएमई:

श्रीकांत, तू म्हणतोस ते पर्पिन्यां, २७ नोव्हेंबर २००८, ए३२०, विमान लीजवरून परत देण्याआधीची फ्लाइट होती, ७ जण गेले. ती केस आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना शिकवतात कारण सुरुवात मेंटेनन्सकडून झाली. आधी विमान पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं, अँगल ऑफ अटॅकचे सेन्सर झाकले नव्हते, आत पाणी गेलं आणि वर गेल्यावर दोन सेन्सर गोठून अडकले. तीनपैकी दोन एकच आकडा सांगतायत म्हटल्यावर कॉम्प्युटरने चांगल्या तिसऱ्यालाच खोटं ठरवलं. मग क्रूने कमी स्पीडचं संरक्षण चालतंय का ते तपासायला विमान हळू केलं, आणि ते सुद्धा खूप वर करायचं सोडून लँडिंगला येता येता तीन-साडेतीन हजार फुटांच्या आसपास. संरक्षण आलंच नाही, स्टॉल झालं, पूर्ण पॉवर दिली तर नाक अजून वर गेलं, ट्रिम (नाक वर-खाली धरून ठेवणारी सेटिंग) पूर्ण वरच्या बाजूला होता तो कोणी फिरवला नाही, उंची उरली नाही.

तुझी शंका बरोबर आहे पण ती प्रॅक्टिस नव्हती, ज्याची तयारी नाही अशी टेस्ट कमी उंचीवर केली होती. एअरलाइनचे पायलट प्रवासी विमानात स्टॉल करत नाहीत, सगळं सिममध्ये होतं. छोट्या विमानात करतात ते भरपूर उंची घेऊन आणि इन्स्ट्रक्टर शेजारी असताना.

रिटायर्ड_कॅप्टन:

मी ७३७ वर बरीच वर्षं काढली. या धाग्यात आपल्या देशातली केस कोणी काढली नाही म्हणून लिहितो. १७ जुलै २०००, पाटणा, अलायन्स एअरचं ७३७-२०० कोलकात्याहून येत होतं. लँडिंगला येताना विमान उंच राहिलं, क्रूने एक पूर्ण चक्कर मारायची परवानगी मागितली. इंजिनं आयडलला, स्पीड जेवढा असायला पाहिजे त्याच्या खाली, नाक वर आणि त्यात झपाझप इकडून तिकडे बँक. स्टिक शेकर लागला. इथे चौकशी अहवालाचं वाक्य आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिलं, की क्रूने स्टॉलजवळची रिकव्हरी करायच्या ऐवजी गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं) सुरू केला आणि त्यातून विमान खरोखर स्टॉल झालं. विमान गर्दनीबागमधल्या सरकारी क्वार्टर्सवर पडलं, ६० गेले, त्यातले ५ जमिनीवरचे.

दोन्ही कृती दिसायला सारख्या वाटतात, पॉवर द्या आणि निघा. पण गो-अराउंडला पॉवरबरोबर नाक वर घेतात आणि स्टॉलला आधी नाक खाली. गो-अराउंड पायलटने शेकड्याने केलेला असतो, हात तिकडेच जातो. घाईत माणूस जी गोष्ट जास्त वेळा केली तीच करतो, म्हणून मी नव्या लोकांना सांगायचो की दुसरी पण तितकीच वेळा करा.

अजून एक सांगायलाच पाहिजे, प्रॅक्टिस नुसती असून उपयोग नाही, ती चुकीची पण असू शकते. आमच्या काळी सिममध्ये स्टॉल म्हणजे काय, तर इन्स्ट्रक्टर आधीच सांगायचा की आता स्टॉल, आपण स्पीड कमी करायचा, शेकर लागला की लगेच पूर्ण पॉवर आणि उंची सोडायची नाही. उंची किती कमी घालवली यावर शाबासकी. खरा पूर्ण स्टॉल कधी करायचोच नाही, शेकरपर्यंत जाऊन परत. आणि पंखाखाली इंजिनं असलेल्या विमानात एकदम पूर्ण पॉवर दिली की नाक वर उसळतं. २००७ ला इंग्लंडमध्ये बोर्नमथला एक ७३७-३०० लँडिंगला येताना ऑटोथ्रॉटल (पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) सुटल्याचं कळलं नाही, स्पीड गेला, मग पूर्ण पॉवर दिल्यावर नाक ४४ अंशांपर्यंत वर गेलं, स्पीड ८२ नॉट्सपर्यंत उतरला. वाचले ते, पण किती थोडक्यात. म्हणजे वर्षानुवर्षं सगळे पायलट नियमित प्रॅक्टिस करत होते आणि ती प्रॅक्टिसच त्यांना "उंची सोडू नको" शिकवत होती.

४४७ आणि कोल्गननंतर हे बदललं. विमान बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून क्रम नव्याने ठरवला, आधी कोन कमी करा, मग पंख सरळ, मग लागेल तेवढी पॉवर, उंचीचं नंतर बघू. अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान नियामक संस्था) २०१३ मध्ये नियम केला आणि मार्च २०१९ पासून तिथल्या एअरलाइन्सना सिममध्ये पूर्ण स्टॉलपर्यंत नेऊन शिकवणं सक्तीचं झालं. त्यासाठी सिमसुद्धा बदलावे लागले, कारण स्टॉलच्या पलीकडे विमान कसं वागतं याचा डेटाच जुन्या सिममध्ये धड नव्हता, ते खऱ्यापेक्षा सोज्वळ वागायचे.

एफओ_पुणे:

कॅप्टन सर, तुमच्या "आधीच सांगायचा" वर बोलायचं होतं. नासाच्या संशोधकांचा २०१३ चा एक अभ्यास आहे, ७४७ चे एअरलाइन पायलट घेऊन सिममध्ये. नेहमीसारखं माहीत असताना स्टॉल दिला तर सगळं व्यवस्थित, पण तोच प्रसंग अनपेक्षितपणे आला तर बऱ्याच जणांचा प्रतिसाद उशिरा आणि विस्कळीत. म्हणून आता चांगले इन्स्ट्रक्टर सांगत नाहीत. परवाच्या रिकरंटला (ठरावीक काळाने होणारं ट्रेनिंग) आम्ही एका वेगळ्याच बिघाडाच्या चेकलिस्टमध्ये डोकं घालून बसलो होतो आणि त्यात गुपचूप स्टॉल आणला. अंगावर काटा येतो तेव्हा, पण त्याचाच उपयोग आहे. आणि शेजारच्याने पण मोठ्याने "स्टॉल" म्हणायचं, उडवणाऱ्याच्या लक्षात येवो न येवो.

मृण्मयी_स्पेन:

मी स्पेनमध्ये एटीपीएलचं (एअरलाइन पायलटचं लायसन्स) ट्रेनिंग करतेय, मूळची सांगलीची. युरोपात डिसेंबर २०१९ पासून ॲडव्हान्स्ड यूपीआरटी (अपसेट टाळायचं आणि त्यातून सावरायचं ट्रेनिंग) कंपल्सरी आहे, कमीत कमी ५ तास थिअरी आणि ३ तास खऱ्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर. एअरलाइनचं पहिलं टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची मान्यता) करण्याआधी हे करावं लागतं. माझं नुकतंच झालं म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी गोष्ट मला जी कळली ती सिममध्ये कळणं शक्य नाही. स्टिक पुढे ढकलली की तुम्ही सीटवरून उचलले जाता, पट्टे खांद्यात रुततात, पोटात खड्डा पडतो, फ्लोअरवरची धूळ डोळ्यासमोर तरंगते. शरीर ओरडून सांगतं की हे चुकीचं आहे, थांब, आणि हात नकळत अर्ध्यावरच ढकलणं थांबवतो. माझं पहिल्या फ्लाइटला अगदी हेच झालं, मला वाटत होतं मी पूर्ण पुढे दिलंय, इन्स्ट्रक्टर म्हणाली अजून बराच प्रवास शिल्लक आहे, दे. तिसऱ्या फ्लाइटपर्यंत ती तरंगण्याची भावना ओळखीची झाली आणि मग डोकं काम करायला लागलं. सिम जागेवर हलतो डुलतो पण असा जी-फोर्स, म्हणजे शरीराला जाणवणारा तो भार, काही वेळ टिकवून देऊ शकत नाही. म्हणून माझं मत असं की दोन्ही पाहिजे, सिम पण आणि विमान पण. भारतात ट्रेनिंग घेणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते, सोय असेल तर खर्च करून पण एकदा कराच.

वैशाली_नाशिक:

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मी दोनदा वाचलं, ह्यांना पण वाचून दाखवलं. सायकलचं उत्तर पटलं. आता अजून एक विचारते, ती हे एकटी असताना पण करते का? आणि ती स्वतः इन्स्ट्रक्टरकडे अजून काय मागू शकते? म्हणजे नुसतं सिलॅबसमध्ये आहे म्हणून उरकण्यापेक्षा. कारण तिच्याकडे सध्या एका इन्स्ट्रक्टरमागे मुलं फार आहेत, स्लॉट मिळाला की पटापट सगळं आटपतात असं तिचं म्हणणं.

जुना_इन्स्ट्रक्टर:

वैशालीताई, एकटीने करायचं की नाही ते इन्स्ट्रक्टरच्या परवानगीवर, आणि परवानगी असली तरी साधे सरळ स्टॉल एवढेच आणि जमिनीपासून ३ हजार फूट उंची शिल्लक असताना पूर्ण बाहेर आलेली असेल अशा बेताने. स्पिन (गिरक्या) वगैरे कधीही एकटीने नाही, आणि ज्या विमानाला मनाई आहे त्यात तर कोणाबरोबर सुद्धा नाही.

काय मागावं म्हणाल तर माझ्या मते सर्किटमधल्या (रनवेभोवतीची चक्कर) शेवटच्या वळणाचा स्टॉल, बेसवरून (रनवेला आडवा टप्पा) फायनलला (रनवेच्या सरळ रेषेतला टप्पा) वळतानाचा. छोट्या विमानांचे जीवघेणे स्टॉल बरेचदा तिथेच होतात. होतं असं की बेस लेगवर मागून वारा असतो, विमान जमिनीवरून भराभर सरकतं आणि वळायला उशीर होतो, रनवेची रेघ ओलांडली जाते. खाली जेमतेम चारपाचशे फूट, एवढ्या खाली जास्त बँक करायला मन धजत नाही, मग पोरगा काय करतो, आतल्या बाजूचा रडर दाबून नाक रनवेकडे वळवायला बघतो. त्याने बँक आपोआप वाढायला लागते म्हणून एलेरॉन उलट्या बाजूला देतो, नाक खाली जातंय म्हणून मागे ओढतो. झालं, आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान क्षणात त्या बाजूला उलटं पडतं. थरथर वगैरे सूचना मिळायला वेळच नसतो. तिथून बाहेर काढायला जेवढी उंची लागते तेवढी खाली नसतेच, जगातला सगळ्यात चांगला पायलट बसवला तरी.

म्हणून हे वरती, चांगल्या उंचीवर, इन्स्ट्रक्टरने करून दाखवायचं आणि तिच्याकडून ओळखून घ्यायचं. म्हणजे रिकव्हरीपेक्षा सुरुवात ओळखणं, पायाखाली जास्त रडर जातोय, बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा) मध्यावर नाही, हात मागे येतोय. हे एकदा दाखवून भागत नाही, सोलोच्या आधी एकदा, क्रॉस कंट्री सुरू झाल्यावर एकदा, टेस्टच्या आधी एकदा, कारण मध्ये आत्मविश्वास वाढतो आणि वळणं ढिली होतात, मी हे बघितलंय. दुसरं म्हणजे पॉवर असतानाचा स्टॉल, टेकऑफनंतर चढताना होतो तसा, त्यात पंख जास्त जोरात पडतो. आणि तिसरं, तिला कामात गुंतवून स्टॉल द्या म्हणावं, नकाशातलं काहीतरी विचारा, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला सांगा आणि मध्येच नाक वर जाऊ द्या, बघू हॉर्न कधी ऐकू येतो ते. एफओने जे सिमचं सांगितलं तेच छोट्या विमानात करता येतं, जास्तीचा खर्च काही नाही.

इन्स्ट्रक्टर घाईत असेल तर तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की सर उद्या मला हे दोन प्रकार करायचेत, ब्रीफिंगला दहा मिनिटं द्या. मागणारा विद्यार्थी इन्स्ट्रक्टरला आवडतो, नाही म्हणणारे फार थोडे. आणि फायनलचं वळण ओव्हरशूट झालं तर रडरने ओढून आणायचं नाही, सरळ गो-अराउंड करून परत सर्किट मारायचं. एक जादा सर्किट म्हणजे पाच-सात मिनिटं आणि थोडं पेट्रोल, त्याचे पैसे लागले तरी काही बोलू नका तिला.